सगळ्या स्पोर्ट्स कार एकसारख्याच काहून दिसतात?

कोणत्याही नव्या स्पोर्ट्स कारचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडू द्या, दोन मिनिटात कोणीतरी लिहितोच, "हे तर फेरारीच दिसून राहिली बे, कॉपी मारली पूर्ण." २०१९ च्या जुलैमध्ये शेवरोलेने आठव्या पिढीची कॉर्वेट दाखवली तेव्हा अमेरिकेतली लोकं पण नेमकं हेच बोलत होती. आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्याच्यावरून कधीमधी एखादी जमिनीला चिकटलेली रुंद गाडी सूं करून निघून जाते, पुलावर उभी पोरं "लँबो, लँबो" ओरडतात, अन् नंतर मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला तर लोगो भलत्याच कंपनीचा निघतो.

पोरांची चूक नाही, गाड्या खरंच सारख्या दिसतात. पण "कॉपी मारली" हे उत्तर मला मनापासून खटकतं, कारण त्याच्यात त्या गाडीवर चार-पाच वर्षं डोकं घालवलेल्या माणसांवर अन्याय होतो, आणि मुख्य म्हणजे ते बहुतेक वेळा खोटं असतं. कॉपी होते, नाही असं नाही, त्याच्यावर पण येतो पुढे. पण गाडीचा आकार आधी हवा ठरवते, मग इंजिनची जागा ठरवते, मग कायदा ठरवतो, मग पैसा ठरवतो, आणि हे सगळं झाल्यावर जे काही बोटभर उरतं ते डिझायनरच्या पेन्सिलीला मिळतं.

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, पाहिली असेल त्याला हे लवकर समजेल. शेतात चालणारी बैलगाडी पाहा, कोणाची लाकडी चाकाची, कोणाची टायरची, कोणाची साटी मोठी, कोणाची लहान, ज्याला जे वाहून न्यायचं त्याप्रमाणे. पण पटात पळणाऱ्या गाड्या पाहा, दहा गावच्या दहा आणून उभ्या करा, सगळ्या हलक्या, हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या बुडाला टेकायपुरती जागा आणि बाकी काहीच नाही. एका गावाने दुसऱ्या गावाची चोरली म्हणून असं झालं का? नाही ना. जो कोणी जास्तीचं लाकूड ठेवेल तो सेकंदात मागे पडेल, म्हणून प्रत्येकाने आपल्या आपल्या हाताने तासून तासून गाडी तिथेच नेली.

आता मोटारीचे आकडे पाहा. लँबोर्गिनी हुराकान, मॅकलारेन ७२०एस, फेरारी २९६, आउडी आर८ आणि ती नवी कॉर्वेट, पाच कंपन्या, जगभर विकल्या गेलेल्या गाड्या. त्यांची उंची साधारण ११६५ मिलिमीटरपासून १२४० पर्यंत, म्हणजे सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच याच्यात फरक किती तर सात-आठ सेंटिमीटर. रुंदी तर अजून जवळ, १९२४ पासून १९५८ पर्यंत, तीन-साडेतीन सेंटिमीटरचा खेळ. एवढ्याशा चौकटीत दोन माणसं, इंजिन, गिअरबॉक्स, चार मोठी चाकं, टाकी, रेडिएटर बसवायचे म्हटल्यावर सावली सारखीच पडणार.

हवेचं पहिले सांगतो कारण सगळ्यात मोठा मालक तीच आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा दुप्पट नाही तर चौपट होतो, आणि तो अडथळा रेटायला इंजिनची जी ताकद लागते ती आठपट होते. समृद्धीवर चारचाकी घेऊन जाणाऱ्याला हे खिशातून समजलेलं असतं. ८० च्या स्पीडने गेलं तर टाकी किती चालते आणि १२० ने, म्हणजे तिथल्या लिमिटला धरून, गेलं तर किती चालते! ८० च्या मानाने १२० ला हवेचा अडथळा सव्वादोन पट असतो. आता ३०० चा विचार करा. १०० च्या मानाने ३०० ला हवा फाडायला २७ पट ताकद लागते. बाजारात फिरणाऱ्या गाडीला डब्यासारखा आकार चालून जातो, तीनशेने पळणाऱ्या गाडीला नाही चालत, तिथे आरशाची दांडी कशी वळवली यानेसुद्धा फरक पडतो.

हवेला आवडणारा आकार म्हणजे पुढून गोल आणि मागे लांब निमुळता होत गेलेला. पण तेवढी लांब शेपटी घेऊन रस्त्यावर फिरणार कसं, पार्क कुठे करणार? १९३० च्या दशकात वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन इंजिनियरच्या कामातून हे पुढे आलं की छत हळूहळू उतरवत न्यायचं आणि मागून एकदम सरळ कापून टाकायचं, हवा जवळपास तशीच वागते जशी पूर्ण शेपटी असल्यावर वागली असती. उतार जास्त तिरपा केला तर हवा छताला सोडून देते आणि मागे भोवरा तयार होतो, तो गाडीला मागे ओढतो, म्हणून उतार किती द्यायचा याची पण मर्यादा आहे. हा असा मागून कापलेला आकार आज ज्याच्यात त्याच्यात दिसतो. टोयोटाची दुसऱ्या पिढीची प्रियस २००३ ला आली, होंडाची दुसरी इनसाइट २००९ ला आली, आणि इनसाइट पाहिल्याबरोबर लोकं म्हणाली प्रियसची नक्कल. अरे पण दोघांनाही पेट्रोल वाचवायचं होतं, हवा दोघांची एकच, उत्तर वेगळं येईल कुठून? आणि होंडाची पहिली इनसाइट १९९९ मध्येच मागून तशी कापलेली होती हे कोणी आठवत नाही.

स्पोर्ट्स कारला मात्र नुसती हवा फाडून भागत नाही. खूप वेगात गाडी वरच्या वर उचलल्यासारखी हलकी होते, मग वळणावर टायर जमीन सोडायला पाहतात, म्हणून त्याच हवेकडून गाडीला खाली दाबून घ्यावं लागतं. पुढच्या बंपरच्या खाली जिभेसारखी बाहेर आलेली पट्टी, मागच्या बंपरखाली वर चढत जाणारे खाचे, आणि मागे पंख, हे सगळं त्याच्यासाठी. पंखाची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पूर्वी पंखाला खालून दोन खांब लावून उभं करत. पण पंखाची ताकद जास्त करून त्याच्या खालच्या अंगावरून पळणाऱ्या हवेत असते, आणि खांब नेमके तिथेच मध्ये येत होते. मग लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या इंजिनियर लोकांनी खांब वाकवून वरून नेले, पंख वरून टांगला, खालची बाजू मोकळी झाली. आता २०२१ ची पोर्शे ९११ जीटी३ पाहा, मग २०२२ ची आउडी आर८ जीटी पाहा, दोघींच्या मागे तोच हंसाच्या मानेसारखा वाकलेला खांब. जे काम करते ते सगळेच घेतील, त्याला चोरी म्हणायचं असेल तर मग चाक पण चोरीचंच म्हणावं लागेल.

आता इंजिन. माझ्या मते कॉर्वेटचं सगळं गुपित इथे आहे. १९५३ पासून विकत मिळणाऱ्या प्रत्येक कॉर्वेटचं इंजिन समोर होतं, म्हणून तिचं नाक लांब आणि बसायची जागा पार मागे. इंजिन समोर असलं की असंच होतं, १९६१ ची जग्वार ई-टाइप घ्या, १९६७ ची टोयोटा २०००जीटी घ्या, १९६९ ची डॅटसन २४०झेड घ्या, तिघींचं लांब नाक पाहून कोणालाही सख्ख्या बहिणी वाटतील. मग २०१९ ला शेवरोलेने इंजिन उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आणून ठेवलं. का, तर वजन गाडीच्या मध्यावर आलं की गाडी वळणात पटकन फिरते, आणि मागच्या टायरवर वजन असल्यामुळे अॅक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागेवर गरगरत नाहीत.

पण एवढी एक गोष्ट हलवली की बाकी सगळं आपोआप हलतं. इंजिन मागे गेलं म्हणून माणसं पुढे सरकली. माणसं पुढे आली म्हणून काच पुढे आली. समोर इंजिन नाही म्हणून नाक आखूड आणि खाली उतरतं झालं. मागच्या इंजिनला श्वास पाहिजे आणि थंड व्हायला हवा पाहिजे, म्हणून दरवाज्याच्या मागे दोन्ही कुशीला मोठाले गाळे पाडावे लागले. आखूड नाक, पुढे आलेली काच, कुशीत गाळे, मागे बैलासारखा जड पुठ्ठा, झाली ना फेरारी? कोणी फेरारी समोर ठेवून काढली नाही, इंजिन मागे ठेवलं की कागदावर तेच उमटतं. १९६६ च्या लँबोर्गिनी म्युरामध्ये बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आडवं टाकलं होतं, रूप दिलं होतं मार्चेल्लो गांदिनी यांनी, तेव्हापासून ही ठेवण सगळ्या जगाच्या डोळ्यात बसली आहे. आपण ज्याला "फेरारीसारखी" म्हणतो ती खरं तर "मागे इंजिन असल्यासारखी" असते.

आमचा पुतण्या, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे ऐकून मला म्हणे, "काका, पण मग जुन्या गाड्या काहून वेगवेगळ्या दिसायच्या? तेव्हा काय हवा वेगळी होती का?" प्रश्न बरोबर होता त्याचा. हवा तीच होती, पण हवेचा हिशोब करायची साधनं कमी होती आणि कायदे सैल होते. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे हवेचा बोगदा आहे, म्हणजे गाडी उभी करून तिच्यावर जोराची हवा सोडून पाहायची जागा, कॉम्प्युटरवर हवा कशी वाहते ते दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, रात्रभर हजार आकार तपासून सकाळी सगळ्यात चांगला हातात येतो, आणि गणित एकच असल्यामुळे सगळ्यांचा सगळ्यात चांगला एकमेकांच्या जवळपासच निघतो. आधी अंदाजाने काम चालायचं, म्हणून अंदाज दहा प्रकारचे होते.

कायद्याचं सांगतो. बोनेटमधून वर उघडणारे हेडलाइट आठवतात का, बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर यायचे? किती सुंदर दिसायचं ते, बंद असले की समोरचा भाग एकदम सपाट धारदार. ते गेले. शेवटी राहिलेल्या गाड्या म्हणजे लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्वेट, २००४ ला दोघी बंद झाल्या आणि तो प्रकार संपला. पायी चालणाऱ्या माणसाला गाडी धडकली तर त्याच्या अंगात शिरेल असा टोकदार भाग समोर नको, हा विचार पुढे आला होता, आणि युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलला त्याची टेस्ट लागली. शिवाय दिवे स्वतःच छोटे झाले होते, मग उघड-मीट करणारी मोटर कशाला पाहिजे? त्याच कायद्याने बोनेटसुद्धा वर उचललं, कारण माणसाचं डोकं बोनेटवर आपटलं तर पत्रा दबायला खाली मोकळी जागा पाहिजे, लगेच खाली लोखंडी इंजिन लागलं तर डोकं फुटेल. काही गाड्यांमध्ये तर धडक बसल्याबरोबर छोट्या स्फोटाने बोनेटची मागची कड वर उचलली जाते, फक्त ती जागा तयार करायला. गाडी उलटल्यावर छत चेपू नये म्हणून काचेच्या बाजूचे खांब जाड झाले, बाजूने धडक बसली तर वाचावं म्हणून दरवाजे जाड झाले. यातला एकही नियम मला वाईट वाटत नाही, माणसं वाचतात त्याच्याने. पण सगळ्यांना एकच पेपर दिला की उत्तरपत्रिका सारख्या येणारच.

पैशाचा भाग लोकांना माहीतच नसतो, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. लँबोर्गिनी डायब्लो घ्या. १९९० ला आली तेव्हा तिला ते उघडणारे दिवे होते. १९९९ मध्ये बदलायचं ठरलं. आता हेडलाइट म्हणजे नुसती काच आणि बल्ब नाही, त्याचे साचे महागडे, प्रकाश कुठे पडतो याचं गणित वेगळं, आणि प्रत्येक देशात पास करून घ्यावा लागतो. डायब्लो सगळी वर्षं मिळून तीन हजार पण बनल्या नाहीत, तेवढ्यासाठी नवा दिवा बनवणं परवडणार कसं? मग लँबोर्गिनीने निसान ३००झेडएक्सचे हेडलाइट घेतले, रीतसर परवानगीने, वरून भुवईसारखी पट्टी दिली आणि बसवले. कोट्यवधीच्या गाडीच्या तोंडावर जपानी गाडीचे डोळे! एकदा माहीत झालं की मग दुसरं काही दिसतच नाही. मॅकलारेन एफ१ म्हणजे तिच्या काळातली जगातली सगळ्यात वेगवान गाडी, तिचे मागचे दिवे एका डच कंपनीच्या बसचे होते.

पोर्शेचं तर पूर्ण घरच याच्यावर वाचलं. १९९० नंतर त्यांची विक्री पार खाली गेली होती. मग त्यांनी स्वस्तातली बॉक्सटर आणि नवी ९११ बरोबरच तयार केली, १९९६ ला एक आणली, १९९७ ला दुसरी, आणि दोघींचं बोनेट, हेडलाइट, जवळजवळ अख्खं तोंड एकच. ९११ वाले गिऱ्हाईक चिडले, एवढे पैसे दिले आणि समोरून स्वस्तातल्या गाडीसारखी दिसते म्हणून. दिव्याच्या आकाराला लोकं तळलेलं अंडं म्हणायची. काही वर्षांनी ९११ ला वेगळे दिवे द्यावे लागले. पण कंपनी उभी राहिली ती त्याच दोन गाड्यांवर, आणि मी त्या निर्णयाला शहाणपणच म्हणेन.

आजकाल तर अख्खा सांगाडाच वाटून घेतात. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ एकाच ढाच्यावर, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एकाच कारखान्यात बनत आल्या. आउडी आर८ आणि लँबोर्गिनी हुराकान एकाच घरातल्या, खालची बरीचशी हाडं एकच. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड तर जुळ्याच. काचेचा कोन, चाकांमधलं अंतर, दरवाज्याची बिजागरी कुठे येणार, हे ढाच्याने ठरवलं की वरच्या पत्र्याने किती वेगळं दिसावं?

माणसं पण फिरतात. इयन कॅलम यांनी अॅस्टन मार्टिन डीबी७ ला रूप दिलं, आणि ती गाडी मुळात जग्वारच्या एका बंद पडलेल्या प्रोजेक्टमधून निघालेली. मग तेच कॅलम जग्वारमध्ये गेले आणि २००६ ची एक्सके काढली, लोकं म्हणाली हे तर अॅस्टन मार्टिन. तेव्हा दोन्ही कंपन्या फोर्डच्याच होत्या, जग्वार २००८ ला आपल्या टाटांकडे आली. फ्रँक स्टीफनसन फेरारी एफ४३० च्या कामात होते, २००८ ला मॅकलारेनमध्ये गेले. एका माणसाच्या हाताचं वळण आहे, कंपनी बदलली म्हणून बदलत नाही. त्यात जगभरातले डिझायनर शिकतात त्या शाळा पण थोड्याच, पासाडेनाचं आर्ट सेंटर, लंडनचं रॉयल कॉलेज, जर्मनीतलं फोर्ट्सहाइम, फिरून तेच गुरू, तीच बॅच.

मग खरी कॉपी कशी असते? ती पण टाटांच्याच एका गाडीची झाली. चीनच्या लँडविंड कंपनीने एक्स७ नावाची गाडी काढली, रेंज रोव्हर इव्होकची हुबेहूब. जग्वार लँड रोव्हर कोर्टात गेली आणि २०१९ मध्ये बीजिंगच्या कोर्टाने निकाल दिला की इव्होकच्या पाच खास गोष्टी सरळ उचलल्या आहेत, विक्री बंद करा. स्पोर्ट्स कार नव्हती ती, पण फरक समजायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. इव्होकचं मागे उतरत जाणारं छत, वर चढत जाणारी खिडकीची रेघ, हे हवेने किंवा कायद्याने लादलेलं नव्हतं, ती कोणाची तरी आवड होती, कोणीतरी निवडलेली. लादलेली गोष्ट सारखी आली तर तो नाइलाज, निवडलेली गोष्ट जशीच्या तशी आली तर ती चोरी. गाडी पाहताना मी हेच लावून पाहतो.

आणि जे लादलेल्यातून वाट काढतात त्यांचं मला फार कौतुक. मागे इंजिन असलं की कुशीला गाळा पाहिजे म्हटलं ना, मॅकलारेन ७२०एस मध्ये तो गाळा दिसतच नाही. त्यांनी दरवाजाच दुहेरी पत्र्याचा केला, दोन पत्र्यांच्या मधून हवा आत शिरून मागे रेडिएटरपर्यंत जाते, बाहेरून पाहणाऱ्याला कूस गुळगुळीत. समोर हेडलाइटच्या खाचेतच हवा घ्यायची जागा ठेवली, त्याच्यामुळे डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. आणि लोकांनी काय केलं, तर त्या खड्ड्यांना नावं ठेवली! सारखी दिसली तर कॉपी, वेगळी दिसली तर विचित्र. कोटी-कोटी लावणाऱ्या गिऱ्हाइकालाही शेवटी ओळखीचाच चेहरा पाहिजे असतो, म्हणून कंपन्या पण जास्त धाडस करत नाहीत.

इलेक्ट्रिक आल्यावर इंजिन जाईल आणि आकार मोकळा होईल असं वाटत होतं. झालं थोडं उलटंच. एका चार्जमध्ये जास्त दूर जायचं तर हवेचा अडथळा अजूनच कमी पाहिजे, म्हणून सगळ्या सेडान पुन्हा त्याच कमानीच्या छताच्या झाल्या. त्यात बॅटरी पायाखाली पसरलेली, म्हणजे सीट वर, छत वर, आणि बुटकी गाडी करायची कशी? पोर्शेने टायकानमध्ये मागे बसणाऱ्याच्या पायाजवळ बॅटरीला खड्डा सोडला, पाय त्याच्यात खाली जातात, माणूस खाली बसतो, छत खाली येतं. लोटसने २०१९ ला इव्हाया दाखवली तेव्हा तर बॅटरी उचलून सीटच्या मागे, जिथे इंजिन राहायचं तिथेच ठेवली. म्हणून ती विजेची असूनही लांबून पेट्रोलच्या सुपरकारसारखीच दिसते, आखूड नाक, पुढे बसलेली माणसं. पण मागे जाऊन पाहा, दोन्ही बाजूंच्या मागच्या पुठ्ठ्यातून हवा जायला आरपार बोगदे आहेत, मागच्या दिव्याची लाल रेघ त्या बोगद्याच्या तोंडाभोवती फिरवलेली, एका बाजूने पाहिलं तर पलीकडचं दिसतं. पेट्रोलचं इंजिन असतं तर ती जागा रेडिएटर आणि पायपांनी भरून गेली असती.